सुरतेची मंडळी, पारोळ्याचे सोयरे

चंपाषष्ठीच्या सकाळी मळ्यावर कपाशीच्या काड्यांचा पहिला धूर उठला, तेव्हा अभिमनआबांचा होकार जवळजवळ पक्का झाला होता. तो फक्त तोंडातून निघायचा राहिला होता. त्या एका शब्दासाठीच धाकटा प्रेमराज धुळ्याहून आला होता. अमळनेर-पारोळा रस्त्याला लागून असलेला हा मळा एका मंगल कार्यालयवाल्याला लॉनसाठी भाड्याने द्यावा, असे त्याने ठरवत आणले होते. मळा गेला म्हणजे थोरल्या सुनेचा, दिपमालाचा, मळ्यातल्या भरिताचा व्यवसायही गेला, हे घरात प्रत्येकाला कळत होते, आणि कळत होते म्हणूनच कोणी ते उच्चारत नव्हते. कार्यालयवाला दुपारून फोन करणार होता.

चातुर्मासात घरात वांगे शिजत नसे. षष्ठीला नव्या वांग्यांचे भरीत आणि रोडगा खंडेरावाच्या टाकापुढे ठेवायचा, तळी उचलायची, आणि मगच हंगामातला पहिला घास. हा नेम आबांच्याही आधीचा होता. वांगी मात्र दिपमालाची. ती भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या असोद्याची, लग्नानंतरच्या पहिल्याच मुळाला, सासरी परतताना, तिने माहेरून बियाणे आणले होते, पांढरट हिरव्या, हातभर लांब वांग्यांचे. अमळनेरच्या कॉलेजात शिकलेली ही मुलगी बियाण्याचे काय करणार, असे तेव्हा आबांना वाटले होते. तिने वाफे केले, रोपे लावली, आणि काही वर्षांनी त्या वाफ्यांकडे शहरे चालत येऊ लागली. मळ्यात यायचे, काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना पाहायची, लाकडी बडगीत ती ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खायची. आणि त्यासाठी दिवस आधी राखून ठेवायचा, घरबसल्या, फोनवरून.

तो दिवस राखण्याचा खेळ आधी किती केविलवाणा होता, हे आबांनी गोठ्याच्या दारातून पाहिले होते. मळ्यात रेंज यायची ती फक्त पाटाच्या भरावावर. तिथे दिपमाला हात उंच करून उभी राहायची, आभाळाला काही दाखवत असल्यासारखी. एक फोटो पोचायला तव्यावरची भाकरी फुगून करपून जाईल इतका वेळ लागायचा. लोक तारखेवर बोट ठेवायचे, चाक फिरत राहायचे, ते कंटाळून निघून जायचे. कधी दोघांना एकच तारीख मिळायची आणि दोघांपैकी कोणालाच ते कळायचे नाही. मागच्या हंगामात धुळ्याचे दोन गट एकाच रविवारी मळ्यावर उतरले आणि त्यांतला एक उपाशी परत गेला. रस्त्याच्या वळणावर नाहीशा होणाऱ्या त्या गाड्या आबांच्या डोळ्यांतून अजून गेल्या नव्हत्या. या मळ्यावरून पाहुणा उपाशी गेला, हे वाक्य ते मनातसुद्धा पूर्ण म्हणू शकत नसत. प्रेमराजने बरोबर त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवले होते.

दिवाळीनंतर इंटरनेटची तार आली. केसाएवढ्या काचेतून उजेड धावतो आणि त्या उजेडातून माणसांची बोलणी, असे थोरल्या अमृतने समजावून सांगितले, तेव्हा आबांनी मान हलवली होती. पटल्याची नव्हे, ऐकल्याची. सरळ वाट चुलतपुतण्या रतिलालच्या बांधावरून होती. पण त्या बांधाचे भांडण जुने, त्यापायी दोन्ही घरांत बोलणे नव्हते. "मना बांधवरथून तार नेवानी नही," असा रतिलालचा निरोप आला, आणि अमृतने पाटाच्या कडेने लांबचा चर स्वतःच्या हाताने खणला.

आता छपराखाली दिपमालाचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर महिन्याच्या चौकटी; मोकळे दिवस हिरवे, भरलेले लाल. आबा बाजेवर बसून लांबून पाहत होते. हिरवी मिरची उन्हाने लाल व्हायला आठवडे घेते. इथे पापणी लवेपर्यंत एखादा गुरुवार पिकत होता.

"वहिनी," प्रेमराज वांगी पुसता पुसता म्हणाला, "वांगी संपली की तुमचं बुकिंग संपलं. लॉन बारमाही असतं."

"उन्हाळ्यात आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या ठेवल्यात, भाऊजी. त्या तारखा आत्तापासून भरतायत."

"पडद्यावर भरतायत. पडद्यावर तर मीसुद्धा बारीक दिसतो."

चुलीशी बसलेल्या झुंबरबाईंनी मान वर केली नाही. "आनी आठे वरण-बट्टीना पाटवर बसस तो कोन शे रे?" धाकट्या लेकाची त्यांनी अशी जागच्या जागी जिरवली, आणि हसताना अमृतच्या हातातले भाजके वांगे निसटून राखेत पडले.

प्रेमराजही हसला, पण सोडणारा नव्हता. "माय, थट्टा वेगळी. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. ज्याचा चेहरा पाहिला नाही, त्याच्या भरवशावर घर चालतं का? आबा, तुम्हीच सांगा."

 हे वाक्य मूळचे आबांचेच होते. शब्द द्यायचा तो समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून, हे त्यांनी आयुष्यभर पाळले होते. बाजारात, लग्नात, एस.टी. स्टँडवर त्यांनी दिलेले शब्द कोणी कधी लिहून ठेवले नाहीत. दिपमालाच्या गिऱ्हाइकांना चेहरेच नव्हते. नुसती नावे यायची, वाऱ्यावरून.

"आज कोन शे?" त्यांनी विषय बदलावा म्हणून विचारले.

"सुरतेची मंडळी, आबा. आपल्याच भागातून कामाला गेलेली घरं. काही जण तर कधी इकडे आलेलेच नाहीत. सकाळच्या गाडीने निघालेत, अमळनेरला उतरतील." ती पडद्याकडे पाहत सांगत होती, आणि तिच्या आवाजात एरवी नसणारी एक ओल होती. "त्यांनी मुद्दाम षष्ठी मागितली. म्हणाले, नैवेद्याच्या पंगतीला बसायचंय."

आबांचा हात बाजेच्या काठावर थांबला.

"षष्ठीले तर," ते हळू म्हणाले, "पारोळाना सोयरा येई ऱ्हायनात."

 झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. पारोळा त्यांचे माहेर.

"मना माहेरले सांगं," त्या म्हणाल्या, "नी माले सांगं नही?"

"इसरी गऊ."

"कितला येतीन?" अमृतने विचारले.

"कितला, कसा सांगू? बठ्ठा या, आसं सांगं."

तुळशीच्या लग्नानंतर पारोळ्याच्या एका लग्नात, अक्षता हातात असतानाच, आबा हे बोलून बसले होते. षष्ठीचे निमंत्रण असेच असते. त्यात नावे नसतात, आकडा नसतो, 'बठ्ठा' म्हणजे बिऱ्हाडातले तान्हे पोरसुद्धा. दिपमालाने हा दिवस कुणाला तरी दिल्याचे त्यांच्या कानावर आले होते. पण वाऱ्यावरून आलेल्या नावांनी दिवस खरोखर अडतो, असे त्यांना कुठेतरी वाटलेच नव्हते.

"हेच," प्रेमराज शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, आणि ते आबांना अधिक लागले. "मागच्या वर्षी धुळ्याचे गेले. आज सुरतेचे जातील, नाहीतर मामाकडचे. सावली एका पंगतीपुरती, भट्टी एक."

आबांनी अमृतकडे पाहिले. थोरला आपल्या बाजूने बोलेल, ही त्यांची जुनी खात्री. अमृत राखेतले वांगे उचलत होता. वर न पाहता तो म्हणाला, "आबा, तुम्हीन तारीख देतस, इचारतस नही. आसंच चालनं तर हाई चालाडा काय नि बंद करा काय, सारखंच." ज्याने या तारेसाठी पाटाची कडा खणली, त्याच्याच तोंडून हे आले. दोन्ही भाऊ कित्येक वर्षांनी एका बाजूला उभे राहिले होते, आणि दुसऱ्या बाजूला आबा एकटेच उरले.

त्यांनी सुनेकडे बघण्याचे टाळले. तिला रागवण्याचा हक्क होता, आणि ती रागावली असती तर त्यांचे ओझे हलके झाले असते.

दिपमालाने लॅपटॉपवरची बोटे उचलली नाहीत. "आबा, तुमचाही शब्द मोडायचा नाही आणि माझाही," ती म्हणाली, जणू दोन भांडी एका चुलीवर कशी बसवावीत एवढाच प्रश्न होता. "वांगी पुरतील. भाकरीवाल्या बायका अजून लागतील." तिने गावातल्या बायकांच्या गटाला निरोप टाकला. बोलणे संपायच्या आत उत्तरे येऊ लागली. येते. मीबी येते. पीठ आणू का? एरवी अमृत मोटारसायकल घेऊन घरोघर फिरला असता आणि निम्म्या घरांना कुलूप मिळाले असते. तिने अमळनेरच्या गाडीवाल्याला वाढीव गाडी सांगितली. त्याचा होकार आणि गाडीचा फोटो सोबतच आला. आबा पाहत राहिले. पूर्वी अशी तारांबळ उडाली की सारे घर धावत सुटायचे. आता सून एका जागी बसली होती आणि धावपळ तिच्यासमोरून, आवाज न करता, आपली आपण मार्गी लागत होती.

"सावली?" प्रेमराजने विचारले. नकळत तोही तिच्या मागे येऊन उभा राहिला होता.

दिपमाला थांबली. तिची नजर बांधापलीकडे गेली, रतिलालच्या आमराईकडे. तिच्या मागोमाग सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या, आणि खाली झुकल्या.

"मी जाते," ती म्हणाली.

"नको." आबा बाजेवरून उठले. "शबद मी दिधा. पाय बी मनाच झिजोत."

बांध ओलांडताना त्यांना वाटले, इतका लहान बांध ओलांडायला माणसाला इतकी वर्षे का लागावीत. मागून दिपमाला फोन घेऊन येत होती. छपरावरच्या वायफायच्या पांढऱ्या डब्याची रेंज आमराईच्या पहिल्या रांगेपर्यंत पोचते, हे तिला ठाऊक होते.

रतिलाल आंब्याखाली पाइप गुंडाळत होता. त्याने वळून पाहिले आणि पाइप हातातच राहिला.

"का आबा, वाट चुकनात?"

"चुकनू व्हतू. आते नीट उनू."

रतिलालला हसू आले असावे. त्याने ते मिशीत अडवले. "तार नेवानी व्हती तव्हय तर पाटवरथून फेरा मारा. आते सावली पाहिजे?" बांधाला भिंती नसतात, सकाळचे सगळे बोलणे त्याच्यापर्यंत पोचले होते.

"तारले फेरा चालना," आबा म्हणाले. "भुक्या माणसेसले नही चालस."

रतिलालने पाइप खाली ठेवला. तेवढ्यात दिपमालाच्या फोनवर सुरतेच्या मंडळींचा व्हिडिओ कॉल लागला. गाडी दोंडाईच्याला थांबली होती. तिने आधी त्यांना खरे तेच सांगितले: आमच्याकडून घोटाळा झालाय, नैवेद्य आमच्या मळ्यात होईल, पण पंगत शेजारच्या आमराईत बसवावी लागेल, जागा पाहून घ्या, पसंत नसली तर तसं सांगा. मग तिने फोन हळूहळू फिरवला. आंब्यांचे बुंधे, त्यांच्याखालची झाडून काढल्यासारखी माती, दगडी कठड्याची विहीर. पडद्यावर डब्यातले चेहरे एकमेकांवर झुकले होते, आणि त्यांच्या पुढे एक म्हातारी, नाकात मोठी चमकी.

"कुंदाबाई नाव यांचं," दिपमाला हळूच म्हणाली. "षष्ठी यांनीच मागितली."

"ती विहीर कोनी शे, भाऊ?" म्हातारीने विचारले.

प्रश्न रतिलालला होता. तो गोंधळून फोनजवळ आला. "मनीच, अक्का."

"पानी गोडं शे का?"

"या नि पी देखा."

"मंग आठेच बसाड आमले."

रतिलालने आबांकडे पाहिले नाही. तो त्या चेहऱ्याकडेच पाहत राहिला. "या, अक्का," तो म्हणाला. "वाट देखस मी."

आबा बाजूला उभे होते. मागच्या वर्षी भरावावरून बोलताना असे चेहरे दगडासारखे गोठायचे, आवाज तुटून तुकड्यांनी यायचा, आणि माणसाच्या जागी नुसता खळखळाट उरायचा. आज म्हातारीच्या पापण्यांची उघडझाप दिसत होती. तिच्या मागच्या खिडकीतून फलाटावरचा चहावाला जाताना दिसत होता. तिने विचारले आणि रतिलालने शब्द दिला, डोळ्यांत पाहून. ज्या रीतीला आबांनी आयुष्यभर सांभाळले होते, तीच रीत त्यांच्यासमोर, शेजारच्या जिल्ह्यातून, जशीच्या तशी पाळली गेली होती. तार नुसती उजेड वाहून आणत नव्हती. माणूस आणत होती, त्याच्या नजरेसकट.

दिपमालाने नकाशावर जागेची खूण हलवली. ती बदललेली जागा गाडीतल्या प्रत्येक फोनवर लगोलग पोचली. रतिलाल वाकून पाहत होता. आकाशातून दिसणारी त्यांची शेते तिच्या बोटांखाली मोठी झाली. दोन्ही शेते मिळून एकच हिरवा पट्टा.

"बांध कोठे शे?" त्याने विचारले.

दिपमालाने दाखवला. नखाने ओढल्यासारखी एक फिकट रेघ.

"इतलासा?" रतिलाल म्हणाला.  तो सतरंज्या आणायला घराकडे वळला.

प्रेमराजने स्वतःची गाडी काढली आणि अमळनेरच्या स्टेशनावर गेला. सुरतेची मंडळी उतरली, आणि पारोळ्याचे सोयरेही दोन टेम्पो भरून आले, बठ्ठेच. झुंबरबाई माहेरच्या बायकांना दारातच सांगत होत्या की निमंत्रण आपणच धाडले होते. आबांनी ते ऐकले आणि ऐकले नाही असे केले. टाकापुढे भरीत-रोडग्याचे पान मांडले गेले. तळी उचलायला पाच पुरुष लागतात. रतिलालच्या जागी इतकी वर्षे कोणा ना कोणाला उभे करावे लागत असे. आज तो न बोलावता पुढे आला आणि ताटाचा काठ त्याने धरला. भंडारा उधळला गेला, येळकोटाच्या गजरात सुरतेची पोरे बावरून आणि मग हरखून ओरडली.

एक पंगत मळ्यातल्या कडुनिंबाखाली, एक रतिलालच्या आंब्याखाली. वाढपी बांधावरून ये-जा करत होते आणि बडगीतल्या मुसळाचा ठोका दोन्हीकडे सारखा ऐकू जात होता. कुंदाबाईंनी विहिरीचे पाणी पिऊन काही म्हटले नाही, फक्त तांब्या पुन्हा पुढे केला.

जेवणे चालू असतानाच कुणीतरी पंगतीचा व्हिडिओ सुरतेला पाठवला होता. प्रेमराज भाकरीची चवड घेऊन छपराजवळून जाताना लॅपटॉपपाशी थबकला. आबांनी त्याला पाहिले. जेवणारे अजून ताटावर होते, आणि पडद्यावर पुढच्या महिन्यातले हिरवे दिवस एकेक करून लाल होत होते. नावे येत होती, कोण किती, कांदा-लसूण चालतो का, म्हाताऱ्यांना खुर्ची मिळेल का. प्रत्येकाला दिपमालाच्या फोनवरून लगेच उत्तर जात होते आणि कुठलाही दिवस दोघांना दिला जात नव्हता. प्रेमराजच्या हातातल्या भाकरी निवल्या, तरी तो हलला नाही.

नंतर तो बाजेपाशी येऊन बसला. धुळ्याला गेल्यापासून शुद्ध बोलणारा हा मुलगा गुडघ्यांकडे पाहत म्हणाला, "आबा, मी आते काय सांगस नही. तुम्हीन सांगा."

आबांचा फोन वाजला. कार्यालयवालाच होता. अमृत हातातले काम टाकून जवळ आला. झुंबरबाई पदराने हात पुसत थांबल्या. बांधाच्या अलीकडे दिपमाला राखेत वाकून उरलेली वांगी काढत होती. तिची पाठ आबांकडे होती, आणि ती पाठ ऐकत होती.

"नही भाऊ," आबा म्हणाले. "मळा देवाना नही."

पलीकडचा माणूस बोलत राहिला. आबांनी त्याचे सगळे ऐकून घेतले, पाहुण्याचे ऐकावे तसे. "नही," ते पुन्हा म्हणाले, मऊपणाने. "तुम्हीन भरीत खावाले या मातर."

"केव्हा येऊ?" पलीकडून प्रश्न आला, इतका स्पष्ट की जवळच्या सगळ्यांनी ऐकला.

सवयीने रविवार आबांच्या जिभेवर आलाच होता. त्यांनी तो गिळला. उठून ते भट्टीपर्यंत चालत गेले आणि त्यांनी फोन सुनेपुढे धरला.

"माले इचारू नका," फोन देता देता ते त्यात म्हणाले. "तारीख ती देस."

दिपमालाने राखेचे हात झटकले. क्षणभर ती सासऱ्यांकडे पाहत राहिली, मग फोन कानाला लावून म्हणाली, "रविवार सगळे भरलेत, दादा. बुधवारी याल का?"